गाय आजारी पडते ती दावणीवर

महाराष्ट्रात जनावरांवरून जाहीर वाद पेटतो तो बहुधा दोन कारणांनी: त्यांच्या मरणावरून, नाहीतर शर्यतीवरून. २०१५ मध्ये गोहत्याबंदी बैल आणि वळूंपर्यंत वाढवली गेली तेव्हा राज्यभर रान उठलं. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, २०१७ मध्ये विधिमंडळाने त्यासाठी वेगळा कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. इतक्या वर्षांत दोन्ही बाजूंनी पोटतिडकीने बोललं गेलं. पण जी गाय शर्यतीत पळत नाही, कत्तलखान्याकडे जात नाही, रोज सकाळ-संध्याकाळ धार देते, ती मधले तास कशी काढते यावर कधी मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. जन्म आणि मरण यांच्यामधलं तिचं आयुष्य आपल्या चर्चेतून गळून गेलेलं आहे.

यामागे एक सोयीची वाटणी आहे. जनावराचं सुख म्हणजे दयेचा किंवा श्रद्धेचा विषय, तो ज्याच्या त्याच्या मनावर. जनावराचं आरोग्य म्हणजे डॉक्टरचा विषय, तो दवाखान्यावर. आणि गोठा कसा बांधायचा, वैरण कधी टाकायची, पाणी किती वेळा दाखवायचं, हा शेतकऱ्याचा घरगुती मामला. ही वाटणीच मला घातक वाटते. दुभत्या जनावरांचे रोजचे आजार, म्हणजे कासदाह (कासेची सूज), लंगडणं, अपचन, उलटणं (रेतन करूनही गाभण न राहणं), दुग्धज्वर (व्याल्यावर कॅल्शियम कमी पडणं), यांतले बहुतेक गोठ्याच्या जमिनीतून, दावणीच्या दोरातून आणि गव्हाणीतल्या चुकीच्या वेळापत्रकातून तयार होतात. तिथेच ते स्वस्तात थांबवताही येतात. आपली सरकारी, सहकारी आणि खासगी यंत्रणा मात्र गाय आडवी झाल्यावर जागी होते.

गाईचा दिवस कसा असतो ते आधी पाहू. मोकळी सोडलेली, निरोगी गाय दिवसातले दहा ते चौदा तास बसून किंवा आडवी होऊन काढते. सात-आठ तास रवंथ करते. बसलेली असताना कासेकडे रक्तप्रवाह वाढतो, खुरांना विसावा मिळतो आणि रवंथ निवांत चालतं. रवंथाचं महत्त्व आपण पुरेसं ओळखलेलं नाही. चघळताना गाय दिवसाकाठी शंभर लिटरहून जास्त लाळ गिळते. त्या लाळेत तोच सोडा असतो, जो आपण पोटात जळजळलं की पाण्यात टाकून पितो. कोटीपोटातली, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातली, आम्लता त्यानेच ताब्यात राहते. आता याच गाईला दिवसभर आखूड दाव्याला बांधा, खाली टणक कोबा द्या, कडब्याची कुट्टी कमी आणि पेंड जास्त करा. ती कमी बसते, कमी रवंथ करते, लाळ कमी तयार होते, पोट आम्लधर्मी होतं, दुधातली फॅट उतरते. आणि मग मालक पशुखाद्याच्या दुकानातून खाण्याच्या सोड्याची पिशवी आणतो. जे औषध तिच्या तोंडात फुकट तयार होत होतं, ते आपण तिला विकत आणून घालतो आणि त्याला व्यवस्थापन म्हणतो.

पाण्याचंही तेच. दुधात जवळजवळ सत्त्याऐंशी टक्के पाणी असतं. दर लिटर दुधामागे गाईला तीन-चार लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात आणखी जास्त. बांधलेल्या गाईला पाणी मिळतं ते माणसाच्या सवडीने: सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बादली पुढे धरून किंवा हौदावर नेऊन. दुपारी दोन वाजता, पत्र्याच्या शेडमध्ये, तिला तहान लागली तर ती काय करणार? ती हंबरते, आणि घरात कुणी जागं असेल तर बादली येते. मराठवाड्यात मे महिन्यात हे घडतं तेव्हा तिचं दूध दोन लिटरने उतरलं म्हणून तक्रार करणं मला अन्यायाचं वाटतं.

आता गोठ्यातल्या गाईचे पुढचे गुडघे पाहा. सिमेंटच्या कोब्यावर बांधलेल्या गाईच्या गुडघ्यांवरचे केस गेलेले असतात, कातडी जाड झालेली असते, कधी लिंबाएवढी सूज असते. उठता-बसता तिथेच घासतं. मागच्या खुरांची टोकं वाढून वर वळलेली असतात, कारण खूर झिजायला तिला चालावं लागतं आणि ती चालतच नाही. वर्षातून दोनदा खुरांची साळणी करणारा माणूस बहुतेक गावांत आता मिळत नाही. अशी गाय वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकत उभी राहते. बसायला नको वाटतं, कारण बसताना दुखतं. उठायला त्याहून नको वाटतं. गव्हाणीपर्यंत तोंड पोचतं म्हणून ती खाते खरी, पण दूध कमी देते आणि माज, म्हणजे गाभण राहायची वेळ आल्याची खूण, दाखवत नाही.

माजाचा मुद्दा मी मुद्दाम काढतोय, कारण शेतकऱ्याचा सगळ्यात मोठा तोटा तिथे आहे आणि त्याचा गाईच्या सुखाशी संबंध कुणी लावत नाही. गाय साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि त्या माजाची खरी वेळ काही तासांचीच असते. मोकळी गाय माजावर आली की दुसऱ्या गाईंवर उडी घेते, किंवा दुसरी तिच्यावर चढली तरी शांत उभी राहते, लांबून कळतं. बांधलेल्या गाईला यातलं काहीच करता येत नाही. त्यात उन्हाचा ताण आणि दुखरे खूर. माज मुका जातो. मालकाच्या लक्षात येतं तेव्हा वेळ टळलेली असते, तरीही कृत्रिम रेतन होतं, गाय उलटते. पुन्हा एकवीस दिवस. पुन्हा रेतनाचा खर्च. दोन-तीनदा उलटली की संप्रेरकांची इंजेक्शनं सुरू होतात. दोन वेतांतलं अंतर बारा-तेरा महिन्यांवरून अठरावर जातं. यातली कित्येक ‘वांझ’ ठरलेली जनावरं प्रत्यक्षात आजारी नसतात. त्यांना आपली अवस्था दाखवायला जागा नसते, एवढंच.

कासदाहाची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. धार काढून झाल्यावर सडाचं तोंड लगेच बंद होत नाही, अर्धा-एक तास ते उघडं असतं. त्या वेळात गाय ओल्या शेणात बसली तर जंतूंना आत शिरायला वाट मिळते. म्हणून धारेनंतर लगेच पुढे वैरण टाकायची, म्हणजे ती उभी राहते. आणि सड जंतुनाशकाच्या द्रावणात बुडवायचे. एवढ्या दोन गोष्टींनी केवढा फरक पडतो. पण कासदाहाचा मोठा भाग डोळ्यांना दिसतच नाही. तो लपलेला कासदाह ओळखायची चाचणी मी सांगली भागातल्या एका गोठ्यात पाहिली. चार वाट्यांची पांढरी तबकडी, प्रत्येक वाटीत एका सडाच्या चार धारा, वर जांभळं द्रावण. तबकडी हाताने गोल फिरवली. तीन वाट्यांतलं दूध पाण्यासारखं हललं. चौथ्या वाटीतलं मात्र घट्ट होऊन साबुदाण्याच्या खिरीसारखं तळाला चिकटलं. गाय ठणठणीत दिसत होती, ताप नाही, कासेला सूज नाही, दुधात गाठी नाहीत. तरी एक सड आतून सडायला लागला होता आणि तिचं दूध रोज डेअरीला जात होतं. मालकीणबाई बराच वेळ त्या वाटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणूनच ही उजव्या अंगावर बसत नव्हती. आम्हाला वाटलं, सवय आहे तिची.”

त्यांना दिसलं होतं. गाईने सांगितलं होतं. त्या सांगण्याला आपल्या व्यवस्थेत कुठेच नोंद नाही, हे खरं दुखणं आहे.

कारण व्यवस्था मोजते काय? संकलन केंद्रावर गाईच्या दुधाचा भाव ठरतो तो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) या पट्टीवर. पॉइंट कमी आला की पैसे कापले. दुधातल्या कायिक पेशी, म्हणजे कासेला सूज असल्याची खूण, गावपातळीवर कुणी मोजत नाही. निरोगी कासेच्या दुधात त्या मिलिलिटरला दोन लाखांच्या आत असतात; युरोपीय संघात कच्च्या दुधासाठी चार लाखांची मर्यादा आहे. आपल्याकडे शेतकऱ्याने सड धुतले, कोरडे केले, धारेनंतर द्रावणात बुडवले, कोब्यावर गादी टाकली, तरी त्याला त्याचा पै-पैसा जास्त मिळत नाही. उलट शेजाऱ्याने यातलं काहीच केलं नाही आणि फॅट बरी लागली तर त्याला तोच भाव. मग शेतकरी निष्काळजी आहे असं म्हणायचा अधिकार आपल्याला कुठे उरतो? ज्या गोष्टीला बाजारात किंमत नाही ती तो कष्टाने का करेल? तरी अनेक जण करतात, हे त्यांचं मोठेपण.

जंतू कासेत शिरले की पुढचा रस्ता ठरलेला: सडात ट्यूब सोडायची, प्रतिजैविकाची इंजेक्शनं द्यायची. त्यानंतर ठरावीक दिवस दूध डेअरीला घालायचं नसतं. हिशेब करा. पंधरा लिटरची गाय, पाच दिवस, म्हणजे पंच्याहत्तर लिटर. २०२३ मध्ये सरकारने ठरवलेला ३४ रुपयांचा भाव धरला तरी अडीच हजारांवर नुकसान, शिवाय औषध आणि डॉक्टर वेगळे. दोन गाईंवर घर चालवणाऱ्या बाईने ते दूध ओतून द्यावं अशी अपेक्षा करायची आणि भरपाईची कुठलीच सोय ठेवायची नाही, याला धोरण म्हणता येणार नाही. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने तपासले, त्यांतल्या ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेहून जास्त आढळले. आणि ३६८ नमुन्यांत बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन एम-१. हे दुसरं विष येतं ते बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि नीट न दाबलेल्या मुरघासातून, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या वैरणीतून. म्हणजे तेही गव्हाणीतूनच. आपल्या पेल्यातल्या दुधाची शुद्धता शहरात पाकिटावर छापून येत नाही, ती गावात गाईच्या पुढ्यात ठरते.

गोठ्यातल्या दुखण्यावर वरवरची औषधं टाकत राहिलं तर ती किती लांब जातात याचा एक धडा या देशाने घेतलेला आहे. लंगडणाऱ्या, सुजलेल्या, तापलेल्या जनावरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक देण्याची पद्धत १९९० च्या दशकात सरसकट झाली. स्वस्त, लगेच गुण. ते औषध अंगात असताना मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बनवण्यावर बंदी आली. माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातात म्हणून २०१५ मध्ये कुपी तीन मिलिलिटरची केली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक ही आणखी दोन औषधं बंद झाली. गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे, दुखणाऱ्या जनावराला ते जरूर द्यावं. वेदना कमी करणं हेही पशुवैद्यकाचं कर्तव्यच. पण या सगळ्या वर्षांत आपण औषध बदललं, बंद केलं, कुपी लहान केली. गाय का लंगडते, हा प्रश्न मात्र तिथेच राहिला. रायगड आणि गडचिरोलीच्या जंगलात आज मोजकी गिधाडं जपण्यासाठी वन विभाग आणि कार्यकर्ते जीव तोडून राबतात, आणि त्या कामाचा एक धागा गोठ्यातल्या कोब्याशी जाऊन भिडतो.

वासरांबद्दल बोलायला हवं, आणि इथे आपल्या काही जुन्या समजुतींनाही हात घालायला हवा. गाईच्या पोटातून वासराला रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून. जन्मल्यापासून पहिल्या तास-दोन तासांत चीक पोटात गेला तर त्याचा पूर्ण उपयोग; दिवस उलटला की आतडी ती द्रव्यं शोषेनाशी होतात. तीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात तीन लिटर चीक लागतो. आणि आपल्याकडे अजून कित्येक घरांत वार (गर्भाची वेष्टनं) पडेपर्यंत वासराला पिऊ देत नाहीत. रात्री व्यालेली गाय, सकाळपर्यंत वार अडकलेली, आणि तोवर वासरू कोपऱ्यात उपाशी. खरं तर वासरू लुचू लागलं की गाईच्या अंगात जे संप्रेरक सुटतं त्यानेच गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार पडायला मदत होते. वासराची भूक आणि गाईची प्रकृती एकमेकांत इतकी गुंतलेली असताना आपण दोघांचीही अडवणूक करतो. खरवस सगळ्यांना आवडतो, मलाही. पण पहिला चीक वासराचा, हे प्रत्येक रेतन करणाऱ्या माणसाने, प्रत्येक संस्थेच्या सचिवाने घरोघर सांगायला हवं.

संकरित गाईला झालेल्या गोऱ्ह्याचं काय होतं हे गावात सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यावर कुणी बोलत नाही. एचएफचा, म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन या परदेशी जातीच्या संकराचा, गोऱ्हा शेतकामाला चालत नाही. कत्तलीसाठी विकायची वाट २०१५ नंतर बंद आहे. त्याला दूध पाजणं म्हणजे डेअरीचं दूध घटवणं. मग त्याला पुरेसं पाजलं जात नाही, हगवण लागली तर डॉक्टर बोलावला जात नाही, आणि महिनाभरात ते मरतं, नाहीतर एखाद्या रात्री लांबच्या रस्त्यावर सोडलं जातं. २०१९ च्या पशुगणनेत देशात पन्नास लाखांहून जास्त मोकाट गाई-बैल मोजले गेले. गोवंशाच्या कत्तलीवर कुणाचं मत काहीही असो. मारू नका असं कायद्याने सांगणाऱ्या समाजावर त्याला जगवायची जबाबदारी येते. लिंगवर्गीकृत रेतमात्रा हा त्यातला एक उपाय आहे. त्यातून नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडीच होतात, आणि त्या रेतमात्रा साध्या मात्रांच्या भावात मिळाल्या तर न जन्मलेल्या गोऱ्ह्याच्या हालअपेष्टाही टळतील.

आता गाईच्या जातीचा प्रश्न. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बायफ या ग्रामविकास संस्थेची स्थापना केली, आणि संकरीकरणाने महाराष्ट्रातल्या हजारो कोरडवाहू कुटुंबांच्या हातात रोजचा पैसा आणला. हे ऋण मोठं आहे आणि ते नाकारणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण होल्स्टिन फ्रिजियन गाईला पंचवीस अंशांच्या वर उकडायला लागतं. तिचं रक्त आणून आपण तिला सोलापूर, नगर, बीडच्या बेचाळीस अंशांत, कमी उंचीच्या पत्र्याखाली बांधलं. दूध आणलं, पण तिच्यासाठी सावली आणली नाही. दुपारी तिच्या बरगड्यांकडे पाहून श्वास मोजावेत. मिनिटाला साठच्या वर गेले की ती ताणात आहे. लाळ गळतेय, मान पुढे ताणलीये, वैरणीला तोंड लावत नाही. या गाईला ताकदीचं टॉनिक लागत नाही. तिला झाड, उंच छप्पर, हवा आणि हाताशी पाणी लागतं. खिल्लार, लाल कंधारी, डांगी या गाई इथल्या उन्हात-पावसात टिकतात, हे खरं. म्हणून उद्यापासून सगळ्यांनी देशी गाईच पाळाव्यात असं सांगणाऱ्यांनी दुधाच्या हिशेबाचं उत्तर द्यावं. निवड जातींमध्ये करायची गरजच नाही. जी जात पाळाल तिच्या अंगाला मानवेल असा गोठा द्या, एवढंच.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही: दोन-तीन जनावरांच्या शेतकऱ्याला हे परवडणार कसं? बाहेरच्या देशांतले गोठे पाहून आल्यासारखं बोलू नका. पण पश्चिम महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत पसरलेला मुक्तसंचार गोठा परदेशी मुळीच नाही. बांबू किंवा जाळीचं कुंपण, थोडं छप्पर, मधे गव्हाण, एका बाजूला पाण्याचा हौद. गाईला साधारण चाळीस चौरस फूट सावली आणि ऐंशी चौरस फूट मोकळी जागा पुरते. पक्क्या गोठ्यापेक्षा खर्च कमी. गाई आपल्या वेळेला पाणी पितात, सावलीत जातात, एकमेकींना चाटतात, ब्रशला अंग घासतात. शेण रोज काढावं लागत नाही, कारण ते पसरून वाळतं. देशी कोंबड्या आत सोडल्या की गोचिडांची अंडी-पिल्लं आणि शेणातल्या अळ्या टिपतात. गोचीड तापाची औषधं किती महाग आहेत हे ज्याला माहीत आहे त्याला या कोंबड्यांची किंमत कळेल. आणि गोठ्यातलं शेण काढणं, पाणी वाहणं, धुणं हे काम महाराष्ट्रात बहुतेक घरांत बाईच्या पाठीवर असतं. गाय सुटली की तिचा दोर बाईच्या कामावरूनही सुटतो. पशुसंवर्धनाच्या चर्चेत ही पाठ कधी येत नाही म्हणून सांगतो.

मुक्तसंचार गोठा हा मंत्र नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. शाहूवाडी, महाबळेश्वरचा पट्टा, कोकण, आंबोली इथे चार महिने मोकळी जागा म्हणजे नुसता चिखल. तिथे याच पद्धतीने खूर कुजतात आणि कासदाह वाढतो. तिथे छप्पर जास्त, मोकळी जागा कमी, तळाला मुरूम आणि उतार हवा. शिंगांची भांडखोर गाय असेल तर वेगळा कप्पा हवा. म्हशीला डुंबायला पाणी नसेल तर तिच्यासाठी या गोठ्याचा निम्मा अर्थ जातो. आणि गावठाणात दोन खणांच्या घरात राहणाऱ्या भूमिहीनाकडे एकशे वीस चौरस फूट येणार कुठून? त्याच्यासाठी गायरान हवं, आणि अनेक गावांत गायरानावर अतिक्रमण झालेलं आहे. अशा गावात बांधलेल्या गाईचं दावं तरी लांब करा, दिवसातून दोन-तीन तास तिला सोडा, पुढ्यात चोवीस तास पाणी ठेवा, कोब्यावर रबरी गादी किंवा उसाचं पाचट टाका. उसाच्या पट्ट्यात आणखी एक: नुसत्या वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, जनावर पोसू नका. त्यातलं ऑक्झॅलेट अंगातला कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि व्याल्यावर गाय उठत नाही तेव्हा शिरेतून कॅल्शियम चढवायला डॉक्टर शोधत फिरावं लागतं.

लसीकरण आणि उपचार गौण आहेत असं मी म्हणत नाही. २०२२ मध्ये लम्पी हा गाईंचा त्वचारोग राज्यभर पसरला तेव्हा गोट पॉक्सची, म्हणजे शेळ्यांच्या देवीची, लस टोचत गावोगाव फिरलेल्या पशुवैद्यकांनी आणि पर्यवेक्षकांनी असंख्य गाई वाचवल्या. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी २०१९ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम गरजेचाच आहे. पण लम्पीचा विषाणू माश्या, डास, गोचिडांवाटे फिरत होता, आणि साचलेलं शेण-मूत, गर्दीचे गोठे, आजारी-निरोगी एकाच हौदावर, ही त्याची वाहनं होती. अशा वेळीही ग्रामसभेत ‘लस कधी येणार’ हा प्रश्न मोठा असतो आणि उकिरडा गोठ्यापासून किती लांब हा प्रश्न कुणी विचारत नाही. १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरता दवाखाना दारात येतो, ही सोय चांगली. त्या गाडीतून उतरणाऱ्या डॉक्टरला इंजेक्शन देऊन पुढच्या गावाला पळावं लागतं. गोठा पाहायला, खूर उचलून पाहायला, मालकिणीशी पाच मिनिटं बोलायला त्याला वेळही नाही आणि त्या कामाची त्याच्या अहवालात जागाही नाही. किती लसमात्रा टोचल्या, किती रेतनं झाली, किती जनावरं तपासली, यांचे रकाने भरले जातात. किती गाई लंगडतात, हा रकाना नाही.

कायदाही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं अकरावं कलम जनावराला अवाजवी आखूड किंवा जड दोराने, अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा ठरवतं. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हा दंड वाढवावा म्हणून मी हे लिहीत नाही. दोन गाईंच्या शेतकऱ्याच्या दारात पोलीस पाठवून गाईचं दावं लांब होणार नाही. उलट तो जनावरंच विकून मोकळा होईल. बदल भावातून येईल.

रस्ता तयारही आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपयांचं अनुदान दिलं तेव्हा कानातला बिल्ला, बँक खातं आणि संगणकावरची नोंद यांची सांगड घालण्याची अट घातली. शेतकऱ्यांनी रांगा लावून बिल्ले मारून घेतले. म्हणजे कुठली गाय कुणाच्या दावणीला आहे आणि तिचं दूध कुठल्या संस्थेत जातं, हे आता नोंदलेलं आहे. याच साखळीवर आणखी दोन-तीन कड्या जोडता येतील. प्रत्येक दूध संस्थेने महिन्यातून एकदा सभासदाच्या प्रत्येक गाईची तबकडीची चाचणी फुकट करावी. वर्षातून दोनदा लंगडणाऱ्या गाई आणि सुजलेले गुडघे मोजावेत. त्याला यंत्र लागत नाही, शिकवलेले डोळे लागतात, आणि गावातल्या बचत गटाच्या मुली-बाया हे काम उत्तम करतील. कायिक पेशी मर्यादेत असलेल्या दुधाला लिटरला रुपया-दोन रुपये वरचा भाव द्यावा. उपचाराच्या दिवसांत डेअरीला न घातलेल्या दुधाची निम्मी तरी भरपाई संघाने आणि सरकारने मिळून द्यावी, म्हणजे औषधाचं दूध लपवून घालायचं कारणच उरणार नाही. संघांना यात तोटा नाही: कासदाहाच्या दुधाचं दही नीट लागत नाही, पनीर कमी उतरतं, पावडर लवकर बिघडते, हे त्यांच्या प्रयोगशाळांना माहीत आहे.

दुधाचा भाव पडला की दर वेळी आंदोलन होतं, रस्त्यावर दूध ओतलं जातं, मग मंत्रालयात बैठक होते आणि लिटरमागे काही रुपये ठरतात. पुढच्या बैठकीला शेतकरी संघटनांनी जाताना मागण्यांच्या यादीत फॅट-एसएनएफच्या खाली कायिक पेशींचा रकाना लिहून न्यावा, आणि अनुदानाचा पुढचा शासन निर्णय निघेल तेव्हा त्यातला एक रुपया गाईच्या बसायच्या जागेवर खर्च झाला पाहिजे, अशी अट सरकारने नव्हे, त्यांनीच घालावी.